जोडीतलं दुसरं नाव

किनवट स्टेशनवर त्या सकाळी भागवत सरांना सोडायला आश्रमशाळेतला निम्मा स्टाफ आला होता. सर रेल्वेने नांदेडला जाणार, तिथून विशाखा मॅडमच्या गाडीत लातूरला, आणि लातूरच्या मुख्य कार्यालयात गोदा-मांजरा शिक्षक संघाच्या उपाध्यक्षपदाचा अर्ज भरणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. किनवटकडचा माणूस इतक्या वरच्या पदाला उभा राहण्याची ही पहिलीच खेप. कुणीतरी झेंडूचा हार आणला होता. "अर्ज तर भरू द्या आधी," म्हणत सरांनी तो बायकोच्या, पुनमच्या, हातात दिला.

तनुजा तेवढी मागे उभी होती. ती त्याच शाळेत विज्ञान शिकवायची, पण तासिकेवर. जितके तास घेतले तितकं मानधन, उन्हाळ्यात काहीच नाही, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. किनवट-माहूर भागातल्या कितीतरी शाळा अशाच माणसांच्या जिवावर चालत होत्या. संघात मात्र त्यांना सभासद होता येत नव्हतं. सभासद नाहीत म्हणून मत नाही, आणि मत नाही म्हणून त्यांचा विषय कधी बैठकीत निघत नव्हता.

गाडी हलली तशी ती खिडकीजवळ आली. "सर, आमच्या सभासदकीचं तेवढं विसरू नका."

"तेच्यासाठीच तर चाललो," सर म्हणाले.

संघाची निवडणूक जोडीनं व्हायची. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी दोन नावं एकत्र, शिक्का एकच. संघात नांदेड आणि लातूर असे दोन जिल्हे. मावळते अध्यक्ष श्रीमंतराव लातूरचे, पुन्हा उभे राहत होते. त्यांच्यासमोर नांदेडच्या विशाखा कंधारकर. मागच्या निवडणुकीत त्या हरल्या होत्या, आणि तेव्हाही त्यांच्यासाठी पायाला भिंगरी लावून फिरलेला माणूस म्हणजे भागवत सर. मोर्चा असो, शिक्षण कार्यालयापुढचं धरणं असो, मॅडमच्या मागे सर ठरलेले. उपाध्यक्षपदाचा स्पष्ट शब्द मॅडमनी दिला नव्हता. पण दिवाळीत फराळाला गेल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "यावेळी तुम्ही माझ्या शेजारी पाहिजेत, भागवत." सरांना तेवढं वाक्य पुरलं होतं.

जंगलाच्या पट्ट्यात फोनला रेंज नसते. हिमायतनगर गेलं, भोकर जवळ आलं, आणि सरांच्या खिशातला फोन वाजायचा थांबेचना. संघाच्या ग्रुपवर एक बॅनर फिरत होतं. विशाखा मॅडम हात जोडून उभ्या. शेजारी हिरव्या काठाच्या साडीतल्या एक बाई, त्याही हात जोडून. वर लिहिलं होतं, 'दोन जिल्हे, एक जोडी'. खाली दुसरं नाव होतं सिंधु बिराजदार, निलंगा.

सरांनी फोटो बोटांनी मोठा केला, परत लहान केला. कोपऱ्यात कुठं आपलं नाव असेल म्हणून तळाशी छापलेले समर्थक वाचले. तिथंही नव्हतं.

पुनमचा फोन आला. "ओ, हे काय आलंय? तुम्हाला म्हाईत होतं का?"

"न्हाई."

"आता इथं सगळे मला विचारून राहिले."

"मी नांदेडला उतरल्यावर बोलतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. समोर बसलेला म्हातारा विचारत होता, मुदखेडला गाडी किती वेळ थांबते. सरांना त्याचं बोलणं दोनदा ऐकावं लागलं.

विशाखा मॅडमचं घर शिवाजीनगरात. दारात चपलांचा ढीग, बाहेर दोन गाड्या उभ्या. सरांना पाहून बैठकीतली माणसं एकदम गप्प झाली. कुणी हसून नमस्कार केला, कुणी फोनमध्ये डोकं घातलं. मॅडम आतून लगबगीने आल्या आणि त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथं टेबलाशी सिंधु बिराजदार बसल्या होत्या. त्यांच्यासमोर फोडणीच्या मुरमुऱ्यांची, सुशीलाची, बशी होती.

"बसा, भागवत. काल संध्याकाळी ठरलं. मी तुम्हाला फोन लावत होते, रेंज नव्हती."

"पुनमचा फोन लागतो, ताई. मुख्याध्यापकांचा लागतो. कुणाकडं निरोप दिला असता तरी पोचला असता."

विशाखा मॅडम खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. गणिताच्या शिक्षिका त्या, फळ्यावर लिहावं तशा बोलत. "ऐकून घ्या. नांदेडात आपण पुढे आहोत. लातूरला माझं नाव घेतलं की लोक विचारतात, ह्या कोण? मागच्या वेळी तिथंच हरलो. उदगीर, निलंगा, औसा, तिकडे सिंधु मॅडमच्या शब्दावर मतं पडतात. तुम्ही शेजारी असता तर मला बरं वाटलं असतं. पण मतं वाढली नसती."

"म्हंजे किनवटची मतं तुम्ही धरूनच चाललात."

"धरून नाही. विश्वास आहे माझा."

"मला आधी सांगितलं असतं, तर मीच म्हनलो असतो, लातूरचं नाव घ्या. लोकांनी स्टेशनवर हार आनला होता, ताई."

सिंधु मॅडमनी बशी बाजूला सारली. दहा वर्षं विनाअनुदानित शाळेत काढलेली बाई, बोलणं आडवळणाचं नव्हतं.

"सर, मागच्या वेळी मी यांच्याविरुद्ध गावोगाव फिरले. तरी मला बोलावणं आलं, कारण मी यांच्याकडे नव्हते. तुम्ही होतात. घरातल्या माणसाला आमंत्रण कोण देतं?"

"सिंधु मॅडम!" विशाखा मॅडम म्हणाल्या.

"खोटं आहे का?"

सर उठले. "एकच सांगा ताई. तासिकावाल्यांच्या सभासदकीचं काय?"

"आधी निवडून येऊ. आत्ता तो विषय काढला तर कायम शिक्षक बिथरतील. लातूरला तर जास्तच." त्या घड्याळाकडे बघत होत्या. अर्जाची मुदत तीनपर्यंत होती. "तुम्ही आमच्यासोबत लातूरला चला. सूचक म्हणून तुमची सही घेऊ."

भागवत सर चपला घालून बाहेर पडले. मागून हाक आली, ते वळले नाहीत.

कोपऱ्यावर एक पांढरी गाडी उभी होती. काच खाली झाली. आत शिवमूर्ती होता, श्रीमंतरावांचा उजवा हात. निवडणुकीचं सगळं तोच बघायचा.

"सर, बसा. चालत कुठं निघालात उन्हात?"

"तुम्ही इथं काय करून राहिलात?"

"तुमचीच वाट बघतोय. बॅनर आम्हीपण पाहिलं." त्याने दार उघडलं. "आमच्या जोडीतलं दुसरं नाव अजून भरलेलं नाही. श्रीमंतराव सरांना नांदेडचा माणूस पाहिजे. किनवट, माहूर, हदगाव, सगळा पट्टा तुम्हाला मानतो. तीनच्या आत अर्ज. बोला."

सर उन्हात उभे होते. त्यांना स्टेशनवरचे चेहरे आठवत होते, आणि बैठकीत फोनमध्ये घातलेली डोकी. ते गाडीत बसले.

गाडी लोह्याच्या रस्त्याला लागली. शिवमूर्तीने श्रीमंतरावांना फोन लावून दिला. पलीकडून गोड, भारदस्त आवाज आला, "या भागवतराव, घर तुमचंच आहे." सरांनी लगेच विचारलं, "तासिकावाल्यांना सभासद करून घ्यायचं, हे जाहीर बोलाल का?" "होऊन जाईल की," श्रीमंतराव म्हणाले आणि फोन शिवमूर्तीला द्यायला सांगितला. विशाखा मॅडमचे फोन येत होते. सर ते कापत होते. होऊन जाईल, या शब्दांवर त्यांचं मन टेकत नव्हतं, पण मागे फिरून जायलाही जागा दिसत नव्हती.

अहमदपूरला शिवमूर्तीने गाडी एका हॉटेलपाशी घेतली. चहा सांगितला आणि मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, त्याने सरांसमोर मोबाईल धरला.

"एक छोटा व्हिडिओ करू. तुम्ही त्यांना का सोडलं ते."

"सांगतो की. मला न विचारता—"

"तसं नको. त्यानं कुणाचं रक्त तापत नाही." शिवमूर्तीने आवाज खाली आणला. "असं म्हणा, विशाखा मॅडम म्हणाल्या, जंगलातला माणूस लातूरच्या स्टेजवर माझ्या शेजारी शोभत नाही. एवढंच."

"असं त्या म्हनल्या न्हाईत."

"वागल्या तर तशाच ना?"

सकाळपासून सरांना हेच बोचत होतं. त्या असं काही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. सरळ राग धरता आला असता. त्यांनी तर नुसता हिशेब मांडला होता, आणि हिशेब चुकीचा नव्हता. तेच गिळवत नव्हतं.

"बोला सर. मी चालू करतो."

आणि भागवत सर बोलले. पहिलं वाक्य अडखळत आलं, दुसरं मोकळं आलं, आणि तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज खरोखरच भरून आला. जंगलातला माणूस शोभत नाही, असं मला तोंडावर सांगितलं, ते म्हणाले. आम्ही काय माणसं नाहीत का?

"वा!" शिवमूर्ती म्हणाला. त्याने तिथंच व्हिडिओ लावून बघितला. सरांनी स्वतःचा आवाज ऐकला. वर्गात पोरांसमोर, सभेत, कोर्टाच्या आवारात, कुठं कुठं ऐकलेला तो आवाज. लोक त्या आवाजावर विश्वास ठेवायचे. म्हणूनच तो आता मागितला होता.

"पुसा ते," सर म्हणाले.

"काय?"

"पुसा म्हनलो. ते खोटं हाय. मी दुसरं बोलतो, जे झालं तेवढं."

"गेला तो सर. श्रीमंतराव सरांना पाठवला मी."

सरांनी त्याच्या हातातला फोन ओढला. शिवमूर्तीने त्यांचं मनगट धरलं. खुर्ची पडली, चहाचे कप फरशीवर फुटले, हॉटेलवाला धावत आला. फोन शिवमूर्तीच्याच हातात राहिला. सरांचा शर्ट खांद्यापाशी उसवला होता.

"पुढं पाठवू नका म्हनून सांगा त्यांना," सर धापा टाकत म्हणाले.

"गाडीत बसा, अर्ज भरा, मग बघू."

"मी न्हाई येत."

"मग तर पाठवावाच लागेल." शिवमूर्तीने शर्ट सारखा केला आणि थंडपणे म्हणाला, "बिराजदार बाईनं अजून सही केलेली नाही. निवडणूक अधिकाऱ्यासमोरच करावी लागते. तिच्या लोकांनी हे बघितलं की ती करतच नाही. तुम्ही आलात काय, नाही काय, आमचं काम झालं."

गाडी धूळ उडवत निघून गेली. भागवत सर बसस्टँडकडे पळत सुटले.

लातूरची बस मिळाली, ती शिरूर ताजबंद सोडून चाकूरकडे चालली होती तेव्हा व्हिडिओ ग्रुपवर आला. एका ग्रुपवर, मग दुसऱ्या, मग सगळ्या. त्यांनी विशाखा मॅडमना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मघाशी गाडीत त्यांनी जे केलं तेच आता समोरून होत होतं. सिंधु मॅडमचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी ग्रुपवर लिहायला घेतलं, 'हे खोटं आहे', आणि पाठवायच्या आधीच कळलं की ग्रुपवरून त्यांना काढलंय.

पुनमचा फोन आला. "मॅडम असं म्हनल्या व्हय तुम्हाला?" तिचा आवाज रडवेला होता.

"न्हाई म्हनल्या."

"मंग?"

"मी खोटं बोललो, पुनम."

मग ती म्हणाली, "आता कुठं हाव तुम्ही?"

"लातूरला चाललो. सांगायला."

"लवकर जावा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चाकूरला बस थांबली ती हलेचना. कंडक्टर उतरून कुणाशी तरी बोलत होता. सरांनी खिडकीतून ओरडून त्याला बोलावलं. माणसं बघायला लागली. सर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. लातूर आलं तेव्हा मुदतीला फार थोडा वेळ उरला होता. रिक्षावाल्याला त्यांनी पत्ता सांगितला आणि "पळवा" एवढंच म्हणाले.

संघाच्या कार्यालयाचं आवार माणसांनी भरलं होतं. श्रीमंतरावांनी नायगावच्या वैजनाथ सरांना ऐनवेळी जोडीला घेऊन अर्ज भरून टाकला होता, आणि ते पायरीवर हार घालून उभे होते. दुसऱ्या बाजूला सिंधु मॅडमना त्यांच्या निलंग्याच्या लोकांनी घेरलं होतं.

"अक्का, आज किनवटच्या माणसाला म्हणाली, उद्या आपल्याला म्हणेल. सही करू नका."

विशाखा मॅडम भिंतीशी एकट्या उभ्या होत्या, हातात अर्ज. चेहरा पांढरा पडला होता. त्या एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "मी असं बोलले नाही. सिंधु मॅडम, तुम्ही तिथं होतात."

"मी स्वयंपाकघरात होते. त्याआधीचं, मागचं मला काय माहीत?" सिंधु मॅडम म्हणाल्या. त्यांच्याही आवाजात चलबिचल होती.

आतून निवडणूक अधिकारी, निवृत्त मुख्याध्यापक महादेवप्पा, बाहेर आले. "ज्यांना अर्ज द्यायचाय त्यांनी आत या. नंतर मी घेणार नाही."

भागवत सर गर्दीतून वाट काढत आले. त्यांना ओळखल्यावर कुणी "या सर, या!" म्हणालं, कुणी टाळ्या वाजवल्या. श्रीमंतरावांच्या मागे उभा असलेला शिवमूर्ती पुढे सरकला. सर त्याच्याकडे न बघता पायरी चढले.

"ऐका," ते म्हणाले. आवाज फाटला. त्यांनी परत म्हटलं, "ऐका! त्या व्हिडिओत मी बोललो ते खोटं हाय. ताई तसं म्हनल्या न्हाईत. कधीच म्हनल्या न्हाईत."

एकदम कालवा झाला. "दबाव आणलाय त्यांच्यावर!" कुणी ओरडलं.

"कुनी दबाव आनला न्हाई. अहमदपूरच्या हॉटेलात ह्या शिवमूर्तीनं वाक्य दिलं आन मी म्हनलो. तोंड माझं व्हतं. दोष माझा हाय."

सिंधु मॅडम गर्दी बाजूला सारत त्यांच्यासमोर आल्या. "का बोललात मग?"

"राग आला होता."

"कशाचा?"

"मला धरून चालल्याचा." सरांना घाम फुटला होता, उसवलेली बाही लोंबत होती. "तुमी सकाळी बरोबर बोललात. घरातल्या मानसाला आमंत्रन न्हाई. पन आता सांगतो, सगळ्यांसमोर. किनवटची मतं कुनाच्या घरातली न्हाईत. ज्याला पाहिजेत त्यानं किनवटला यावं, तासिकावाल्यांच्या समोर उभं राहावं, आन त्यांना सभासद करून घेनार का न्हाई ते तोंडानं सांगावं. श्रीमंतरावांनी यावं, नाहीतर तुमी यावं."

श्रीमंतराव हसून कुणाच्या तरी कानाशी लागले. सिंधु मॅडमनी सरांकडे क्षणभर रोखून पाहिलं. मग त्या विशाखा मॅडमकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पेन आहे का? चला."

दोघी आत गेल्या. निलंग्याचे लोक आरडाओरडा करत राहिले, पण सही झाली. बाहेर आल्यावर विशाखा मॅडम भागवत सरांच्या अगदी जवळून गेल्या. थांबल्या नाहीत. त्यांनी वर बघितलंही नाही.

किनवटला सरांचं स्वागत काही चांगलं झालं नाही. पद तर गेलंच, वर खोटं बोलून किनवटचं नाव घालवलं, असं स्टाफरूममध्ये लोक तोंडावर बोलले. तनुजा सगळ्यांत जास्त चिडली होती. "आमच्यासाठी चाललात म्हणालात," ती म्हणाली, "आणि बोललात तुमच्या मानपानाचं." सरांनी ऐकून घेतलं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तरी त्यांनी वसतिगृहाच्या पटांगणात सभा ठेवली आणि दोन्ही जोड्यांना निरोप धाडला. किनवट-माहूरचे सभासद आणि त्यांच्यासोबत मत नसलेले तासिकावाले, असे सगळे बोलावले.

श्रीमंतराव आले नाहीत. वैजनाथ सरांनी शुभेच्छांचा मेसेज पाठवला.

विशाखा मॅडम आणि सिंधु मॅडम रेल्वेने आल्या. स्टेशनवर भागवत सर उभे होते. विशाखा मॅडमनी नमस्कार केला, तो परक्या माणसाला करावा तसा. सभा सुरू झाली. तनुजा उभी राहिली आणि तिने कुणाचं नाव न घेता सरळ विचारलं, "आम्हाला सभासद करून घेणार का?"

विशाखा मॅडमनी माईक हातात घेतला. "हा विषय महत्त्वाचा आहे. निवडून आल्यावर आम्ही कार्यकारिणीत सकारात्मक विचार करू—"

पटांगणात कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेतले काही जण उठायला लागले. भागवत सर पुढच्या रांगेत होते, त्यांनी मान खाली घातली.

सिंधु मॅडम शेजारून उठल्या. "मॅडम, मी बोलू का?" माईक त्यांच्या हातात गेला. लातूरच्या लोकांना हे आवडणार नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. "मी बिनपगारी शिकवलंय," त्या म्हणाल्या. "त्या वर्षांत संघवाले मला म्हणायचे, आधी कायम व्हा, मग या. मला तेव्हा फार राग यायचा. मी तुम्हाला तसं म्हणणार नाही. सभासद करून घेऊ. पहिल्याच सर्वसाधारण सभेत." मग त्या विशाखा मॅडमकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पण अध्यक्ष तुम्ही होणार आहात. तुम्ही सांगा."

विशाखा मॅडमच्या कपाळावर आठी पडली. आकडे त्यांच्या डोळ्यांपुढून जाताना सरांना दिसत होते, ओळखीच्या माणसाला दिसावेत तसे. औसा किती जाईल, उदगीर किती जाईल. वसतिगृहाच्या खिडकीतून मुली डोकावत होत्या.

"करून घेऊ," विशाखा मॅडम म्हणाल्या. आणि पुन्हा, जरा मोठ्याने, "माझा शब्द."

लातूरला व्हायचं ते झालं. सिंधु मॅडमच्या ओळखीच्या लोकांनी घरी येऊन भांडणं केली, औशात तर त्यांची सभाच उधळली. मतमोजणीच्या दिवशी लातूरच्या पेट्या उघडल्या तेव्हा विशाखा मॅडमची जोडी मागे पडली, धरलं होतं त्यापेक्षा कितीतरी मागे. नांदेड शहराने थोडं भरून काढलं. अर्धापूर, नायगाव बरोबरीत गेलं. शेवटी किनवट-माहूरची पेटी राहिली. भागवत सर मोजणीच्या टेबलाशी उभे होते. त्या पेटीतून श्रीमंतरावांना जेमतेम काही मतं निघाली. महादेवप्पांनी चष्मा पुसून दोनदा बेरीज करून घेतली आणि विशाखा कंधारकर, सिंधु बिराजदार अशी नावं वाचली.

गुलाल उडाला. सर बाहेर येऊन नळावर तोंड धूत होते तेव्हा मागे विशाखा मॅडम येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या केसांत, भुवयांत गुलाल होता.

"तुमच्या पेटीने तारलं," त्या म्हणाल्या.

"पेटी सिंधु मॅडमनी मिळवली. आन शेवटी तुमी. मी खुर्च्या मांडल्या."

मॅडमनी भुवयांवरचा गुलाल पुसला. मग म्हणाल्या, "बॅनर छापायच्या आधी मी तुमच्या घरी यायला हवं होतं. मी टाळलं. तुम्ही नाही म्हणणार नाही हे माहीत होतं, तरी टाळलं."

"मी तर त्याहून वाईट केलं, ताई."

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्या आईने तो व्हिडिओ पाहिला. ती अजून विचारते, तू खरंच असं म्हणालीस का."

सरांनी रुमाल काढला, तोंड पुसलं. "मी येऊन सांगतो त्यांना."

"या."

मैदानात कुणीतरी मॅडमना हाक मारत होतं, मिरवणुकीची गाडी तयार होती. त्या निघाल्या, परत थांबल्या.

"राग गेला का तुमचा?"

सरांनी खरं ते सांगितलं. "न्हाई गेला. कमी हून राहिला. तुमचा?"

"माझाही तसाच म्हणा," विशाखा मॅडम म्हणाल्या. मग पदर खोचत म्हणाल्या, "सर्वसाधारण सभेची नोटीस उद्याच काढायची आहे. ठरावाचा मसुदा कोण लिहिणार, तुम्ही की सिंधु मॅडम?"

"तनुजा लिहील," भागवत सर म्हणाले. "मी तिला घेऊन येतो."